प्रशिक्षणाची कसोटी बालवाडीतच

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा लिखित पाठ)



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी आपण मला येथे पाचारण केले, याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. पन्नास वर्षांच्या वाटचालीचा गौरव इतर मान्यवर करतीलच. या महोत्सवी वर्षात मोरा आणि उरण परिसरातील बालवाड्या व पाळणाघरे चालविणाऱ्या भगिनींसाठी प्रशिक्षण वर्ग भरवावा, असा मानस विश्वस्तांनी व्यक्त केला आहे. संकल्प स्तुत्य आहे. तो सिद्धीस जावा म्हणून मी आज एकच प्रश्न आपणांपुढे ठेवू इच्छितो. वर्ग संपल्यानंतर तो सफल झाला की नाही, हे आपण कशावरून ठरविणार?

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर बहुधा समारोपाच्या दिवशीच दिले जाते. इतक्या भगिनी उपस्थित होत्या, इतक्यांना प्रमाणपत्रे दिली, सर्वांनी समाधान व्यक्त केले, असा अहवाल वाचला जातो व छायाचित्र घेऊन कार्यक्रम संपतो. परंतु चातुर्मासातील शिबिराचे फळ आपण वाटलेल्या प्रभावनेवरून मोजत नाही. शिबिरातून परतलेल्या मुलाच्या बोलण्या-वागण्यात पर्युषणानंतर काय टिकले, हे घरातील आजी बरोबर ओळखते. ज्ञान आचरणात उतरले तरच त्याचे सार्थक, हे रत्नत्रयाची आराधना करणाऱ्या समाजाला सांगावयास नको.

या विषयाची एक उज्ज्वल परंपरा आपल्याच कोकण किनाऱ्यावर आहे. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत कार्य केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. गरीब वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, हे दिसताच बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ ही कल्पना अशी उदयास आली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी हेच कार्य विस्तारले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, तर पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडीचा प्रयोग झाला. महागड्या साधनांऐवजी बिया, शंख-शिंपले, पाने, माती, बांबू यांतून शिक्षणसाहित्य तयार झाले. ताराबाईंचे १९७३ मध्ये निधन झाले आणि अनुताईंनी १९९२ पर्यंत, आपल्या अखेरीपर्यंत, हा वसा चालविला.

या इतिहासातून प्रशिक्षणाविषयी एक बोध मिळतो. तेथे शिक्षिका घडविण्याचे काम आणि मुलांची बालवाडी ही दोन्ही एकाच आवारात होती. शिकविलेली पद्धत मुलांपुढे टिकते की नाही, हे तेथे रोज दिसत असे, आणि टिकत नसेल तर पद्धत बदलावी लागे. मूल्यमापन हा शब्दही न उच्चारता केलेले ते उत्तम मूल्यमापन होते.

शिक्षक घडविल्यावाचून शाळा उभी राहत नाही, हे आपल्या समाजात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनीही ओळखले होते. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीरांनी १९३५ मध्ये सातारा येथे अध्यापकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय काढले. खेड्यापाड्यांतील शाळांना त्यातून शिक्षक मिळाले.

यानंतर शासकीय प्रयत्नांकडे वळू. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगावी पोहोचली. सेविकेसाठी २६ दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण व अधूनमधून उजळणी वर्ग, अशी पद्धत अनेक वर्षे होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावी वा अधिक शिकलेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचविला. त्याच धोरणात महिन्यातून किमान एकदा प्रत्यक्ष संपर्क वर्ग घेऊन सतत मूल्यमापन करावे, असेही म्हटले आहे. २०२३ मध्ये ‘पोषण भी, पढाई भी’ हा कार्यक्रम आला आणि पोषणाच्या जोडीने बालशिक्षणाचे प्रशिक्षण सुरू झाले. दिवस किती, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. त्या दिवसांनंतर सेविकेकडे पुन्हा कोण जाते, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे.

अमेरिकेतील डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या. प्रशिक्षणार्थींना वर्ग आवडला का, ही पहिली. त्या काही शिकल्या का, ही दुसरी. शिकलेले कामात उतरले का, ही तिसरी. आणि ज्यांच्यासाठी सारा खटाटोप, त्यांचे हित झाले का, ही चौथी. आपले बहुतेक अहवाल पहिल्या पायरीवरच थांबतात. फार तर शेवटच्या दिवशीची लेखी परीक्षा आपल्याला दुसरीपर्यंत नेते. बालकाशी आपला संबंध मात्र तिसऱ्या पायरीपासून पुढेच येतो.

पुढच्या पायऱ्यांपर्यंत पोहोचता येते, याचे उदाहरण आफ्रिकेतील घाना देशात मिळते. तेथे २४० शाळांत बालवर्गाच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा प्रयोग झाला. आठ दिवसांचे प्रशिक्षण सलग न देता वर्षभरात तीन वेळा विभागून दिले गेले आणि मधल्या काळात मार्गदर्शकांनी वर्गांना भेटी दिल्या. प्रशिक्षण न मिळालेल्या शाळांशी तुलना करता वर्गातील वातावरण सुधारले व मुलांची शालेय पूर्वतयारीही वाढली, असे आढळले.

दुसरे उदाहरण तामिळनाडूचे. तेथे ३२० अंगणवाड्यांच्या अभ्यासात काही ठिकाणी केवळ बालशिक्षणासाठी अर्धवेळ सेविका अधिक दिली गेली. त्या ठिकाणी शिकविण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांची भाषा व गणित सुधारले आणि कुपोषणही घटले. एकट्या बाईवर नोंदवह्या, आहारवाटप व चाळीस मुले यांचा भार असेल, तर उत्तम प्रशिक्षणही वाया जाते, हा त्याचा अर्थ. म्हणून एखादी भगिनी शिकविलेले अमलात आणत नसेल, तर तिला दोष देण्यापूर्वी तिच्याजवळ वेळ, जागा आणि मदतीचा हात आहे काय, हे पाहिले पाहिजे.

आता आपल्या गावाकडे येऊ. मोरा बंदरावर, कोळीवाड्यात, बंदराशी निगडित गोदामांत आणि उरणच्या बाजारपेठेत कामाला जाणाऱ्या माता आपली लेकरे सकाळीच बालवाडीच्या वा शेजारच्या बाईंच्या स्वाधीन करतात. ती मुले आगरी-कोळी बोली, हिंदी, गुजराती अशा अनेक भाषा घेऊन येतात. त्यांच्यासाठी प्रशिक्षण द्यावयाचे, तर कसोटीही येथील मुलांवरून ठरली पाहिजे. त्या दृष्टीने माझ्या काही नम्र सूचना आहेत.

पहिली सूचना अशी की, वर्ग सुरू होण्यापूर्वी प्रत्येक बालवाडी दोन सकाळी शांतपणे पाहावी आणि त्याच गोष्टी तीन व सहा महिन्यांनी पुन्हा पाहाव्यात. मुले अधिक बोलतात की बाई? मूल स्वतःच्या बोलीत बोलले, तर ती बोली स्वीकारली जाते की हटकली जाते? खेळणी मुलांच्या हाती असतात की कपाटात? तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन अक्षरे गिरवून घेतली जातात काय? रडणाऱ्या मुलाजवळ कोण जाते? हात धुण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह मुलांना सुखाने वापरता येते काय?

दुसरी सूचना म्हणजे पाहणारी व्यक्ती शिकविणाऱ्यांपैकी नसावी. आपलाच वर्ग आपणच तपासला, तर कौतुकाखेरीज दुसरे काय हाती लागणार? सेविका, माता आणि निरीक्षक या तिघींचेही ऐकावे. अनेकांतदृष्टी जपणाऱ्या आपल्या समाजाला ही रीत परकी नाही.

तिसरी सूचना निरीक्षणाच्या हेतूविषयी आहे. ते मदतीसाठी असावे. त्यावरून कोणाचे मानधन कापू नये, नावे फलकावर लावू नयेत. भीतीपोटी सेविका पाहुण्यांपुढे गाणी म्हणून दाखवील आणि पाहुणे गेले की पुन्हा पाढे घोकून घेईल.

चौथी सूचना तुलनेसंबंधी. सर्व बालवाड्यांना एकाच वर्षी प्रशिक्षण देणे शक्य नसेल, तर चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना यंदा व निम्म्यांना पुढील वर्षी द्यावे. कोणावर अन्याय होणार नाही आणि फरक प्रशिक्षणाने पडला की मुले मोठी झाल्याने, हेही कळेल.

शेवटची सूचना दानशूर बंधूंसाठी आहे. प्रशिक्षणासाठी दिलेल्या प्रत्येक दहा रुपयांतील चार रुपये वर्गानंतरच्या भेटींसाठी राखून ठेवावेत. शिकलेली सेविका अधिक मानधनासाठी अन्यत्र गेली, तर तिच्याबरोबर प्रशिक्षणही जाते, हे ध्यानी घेऊन तिच्या मानधनाचाही विचार व्हावा. या खर्चाचे छायाचित्र निघत नाही, त्यावर नावाची पाटी लागत नाही. गुप्तदानाची महती जाणणाऱ्या समाजाला त्याचे वैषम्य वाटू नये.

विश्वस्त मंडळास माझी विनंती आहे की, पुढील वार्षिक अहवालात किती प्रमाणपत्रे दिली, या आकड्याशेजारी सहा महिन्यांनंतर बालवाड्यांत काय बदलले आणि काय बदलले नाही, हेही छापावे. न बदललेले छापण्यास धैर्य लागते, पण पुढच्या वर्षीचा वर्ग त्यातूनच सुधारतो. बोलता न येणाऱ्या दोन-तीन वर्षांच्या जीवाला आपली तक्रार कोणापुढे मांडता येत नाही. त्याच्या वतीने पाहणे, विचारणे आणि नोंदविणे हीदेखील जीवदयाच आहे.

ट्रस्टच्या पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा देऊन मी माझे मनोगत पूर्ण करतो. जय जिनेंद्र!