पडद्यामागे मेमरी खाणारी सेवा

डब्लिनच्या पश्चिमेला असलेल्या क्लोनडॉकिनमध्ये, ग्रेंज कॅसलच्या परिसरात, मोठमोठी डेटा सेंटर्स उभी आहेत. पण आज बोलायचं आहे ते घरातल्या साध्या विंडोज संगणकाबद्दल. मुंजीचे, गणपतीचे व्हिडिओ त्यावरून टीव्हीवर दाखवणारं मराठी घर क्लोनडॉकिनचं असो की सांगलीचं, अडचण एकच: लॅपटॉप अचानक रेंगाळतो.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या रकान्यावर क्लिक केलं, की जास्त मेमरी घेणारे प्रोग्रॅम वर येतात. तिथे विंडोज मीडिया प्लेअरची नेटवर्क शेअरिंग सर्व्हिस, म्हणजे संगणकातले व्हिडिओ टीव्हीपर्यंत पोचवणारी सेवा, दिसली, तर लगेच घाबरू नका. नवे फोटो, व्हिडिओ टाकल्यावर ती सगळ्यांची यादी बनवते. तेवढा वेळ मेमरी वाढते आणि मग स्थिरावते. रात्रभर संगणक मोकळा असूनही आकडा चढतच राहिला, तर मात्र बिघाड समजा. बिघडलेली एखादी व्हिडिओ फाइल किंवा प्लेअरच्या लायब्ररीत जोडलेली अवाढव्य बाहेरची डिस्क, इथून शोध सुरू करा. ती फाइल किंवा डिस्क असलेलं फोल्डर लायब्ररीतून काढा, संगणक पुन्हा सुरू करा.

टीव्हीवर काही दाखवायचंच नसेल, तर सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन ही सेवा थांबवा आणि स्टार्टअप टाइप 'डिसेबल्ड' करा. नुसतं 'एंड टास्क' पुरत नाही, ती पुन्हा सुरू होऊ शकते. तुमचे फोटो, व्हिडिओ यात अजिबात पुसले जात नाहीत.