जाळ्याच्या दोन्ही टोकांना बाईच



गटाच्या बैठकीत आपण शेळीपालनाचं बोलतो, शिलाई मशीनचं बोलतो, पापड-मसाल्याचं बोलतो. आज आम्ही तुम्हाला तळ्यावर नेणार आहोत, मासेमारीला. ज्यांच्या गळ्यात माळ आहे, घरात मासे चालत नाहीत, त्यांनीही रेडिओ बंद करू नका. गोष्ट माशांची असली तरी मुद्दा आपल्या सगळ्यांचा आहे.

नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात लिंबोटीचं धरण आहे. मन्याड नदीवरचं. सरकारी कागदावर त्याला ऊर्ध्व मानार प्रकल्प म्हणतात. अहमदपूर आणि उदगीरच्या बायांना हे नाव नवीन नाही, कारण त्यांच्या शहरांना इथलंच पाणी जातं.

या धरणाच्या काठच्या नऊ जणींचा एक गट आमच्याकडे नवा जोडला गेला. सगळ्या मासेमारी करणाऱ्या घरातल्या. कर्ज कशासाठी हवं असं विचारलं, तर म्हणाल्या, "जाळ्यासाठी." जाळं कसं असतं, किती दिवस टिकतं, त्यातून महिन्याला काय सुटतं, आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. तेव्हा त्यातल्या एक काकू म्हणाल्या, "ताई, नुसतं वहीत काहून लिहिता? एक दिवस पाण्यावर या, मग लिहा."

म्हणून गेल्या जानेवारीत आम्ही पाच जणी तिथं गेलो. रात्री काकूंकडेच मुक्काम केला. पहाटे साडेपाचला काठावर आलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं आणि बोटं थंडीनं वाकत नव्हती. होडी लहान, म्हणून आमच्यातल्या दोघीच चढल्या. वल्हं काकूंच्या मालकांच्या हातात, त्यांना आम्ही मामा म्हणत होतो. पुढं काकू जाळं ओढायला. अंगात घालायचं जीवरक्षक जाकीट कुणाकडेच नव्हतं. मामांनी तेलाचे दोन रिकामे कॅन दोरीनं बांधून आमच्या हातात दिले. म्हणाले, "काही झालंच तर हे सोडू नका."

जाळं आदल्या संध्याकाळीच लावून ठेवलेलं होतं. हे जाळं फेकायचं नसतं. ते पाण्यात पडद्यासारखं उभं राहतं. वरच्या दोरीला तरंगणारे बोये, खालच्या दोरीला शिशाचं वजन. मासा येता-जाता त्यात डोकं घालतो आणि कल्ल्यापाशी अडकतो.

आमच्यातल्या एका पोरीनं मोबाइलवर बाहेरच्या देशातली मासेमारी पाहिली होती. तिनं विचारलं, "मामा, तिकडं मोठ्या तळ्यात मोटारबोटीमागं लांब दोरी सोडतात, तिला चमकणारा गळ असतो, बोट चालत राहते आणि मासा आपोआप लागतो. आपण तसं का नाही करत?" मामा हसले. म्हणाले, "तो मासा शिकारी असंल बाई. आपला मासा पळत्या गळामागं धावत नाही."

मामांचं बरोबर होतं. सामन आणि ट्राउट हे थंड पाण्यातले मासे. आपल्या देशात ट्राउट काश्मीर, हिमाचलकडे मिळतो. तो लहान मासे पकडून खातो, म्हणून चमकणाऱ्या गळाला फसतो. आपल्या धरणातला कटला पाण्याच्या वरच्या थरात खातो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. एकाच घराचे तीन मजले म्हणा. त्यांचं खाणं म्हणजे पाण्यातले बारीक जीव, शेवाळ, कुजलेला पालापाचोळा. म्हणून इथं गळापेक्षा जाळंच कामाचं.

पहिलं जाळं बुडालेल्या बाभळीच्या खुंटाला अडकून हातभर फाटलं. दुसऱ्यात मासे होते. एक कटला तर सहा किलोंचा निघाला. हातभर लांबीचा एक रोहू मात्र काकूंनी पाण्यात परत सोडला. आम्ही विचारलं, असं का? त्या म्हणाल्या, "लेकरू हाय अजून." रोहू, कटला साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. म्हणून धरणात दरवर्षी बोटुकली सोडावी लागते, म्हणजे बोटाएवढी पिल्लं. तीच बारीक आसाच्या जाळ्यात ओढून काढली, तर पुढच्या वर्षी काय काढणार?

नऊच्या सुमाराला वारा सुटला. पाहता पाहता लाटा होडीच्या काठाला लागू लागल्या. मामांनी तिसरं जाळं तसंच सोडलं आणि होडी काठाकडे वळवली. काकू एक शब्द बोलल्या नाहीत. आमच्या हातातले कॅन आम्ही छातीशी धरले होते.

काठावर आल्यावर वजन केलं. १७ किलो. मामा चहा पिऊन झोपायला गेले. त्यांचं काम संपलं होतं. काकूंचं सुरू झालं. मासे निवडले. थोडे व्यापाऱ्याला घातले, बाकीचे टोपल्यात घेऊन बाजारला गेल्या. व्यापाऱ्याच्या दरापेक्षा बाजारात किलोमागं पन्नास रुपये जास्त मिळाले, पण त्यासाठी चार तास उन्हात बसावं लागलं. परत येऊन स्वयंपाक, आणि दिवस मावळेपर्यंत फाटलेलं जाळं सांधणं. आम्ही वहीत तास मांडले. मामांचे सहा, काकूंचे अकरा.

मग आम्ही विचारलं, "काकू, मच्छीमार संस्थेत तुमचं नाव आहे का?" नव्हतं. नऊ जणींपैकी एकीचंही नव्हतं. सहकार कायद्यानं संस्थेच्या संचालक मंडळात महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत. त्या भरलेल्याही होत्या. पण त्या दोघी बैठकीला कधी गेल्या नव्हत्या. रजिस्टर घरी यायचं आणि सही होऊन परत जायचं.

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली एक वहिनी बोलली. तीन वर्षांपूर्वी अशाच वाऱ्यात तिचा नवरा गेला. तो संस्थेचा सभासद नव्हता, दुसऱ्याच्या होडीवर जायचा. कुठल्याच यादीत नाव नाही, म्हणून तिला विम्याचा एक रुपया मिळाला नाही. आता ती दुसऱ्यांची जाळी सांधून दोन लेकरं शिकवते.

मैत्रिणींनो, हे नीट ऐका. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख रुपये, कायमचं अर्धवट अपंगत्व आलं तर अडीच लाख, दवाखान्यासाठी २५ हजारांपर्यंत. हप्ता सरकार भरतं, आपल्याला काही भरावं लागत नाही. पण आधी नाव नोंदलेलं असावं लागतं. याच योजनेत वैयक्तिक कामांना सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान ठरलेलं आहे. म्हणजे अर्ज बाईच्या नावानं केला तर घराचाच फायदा. आणि किसान क्रेडिट कार्ड आता फक्त शेतकऱ्यांपुरतं नाही, मासेमारी करणाऱ्यांनाही मिळतं.

त्या दिवशी आम्हीही एक गोष्ट शिकलो. आमच्या गटाचा हप्ता बाराही महिने सारखाच. पण पावसाळ्याच्या सुरुवातीला मासे अंड्यांवर असतात, तेव्हा जाळं बंद ठेवायला हवं. हप्त्याचा तगादा असेल तर कोण बंद ठेवील? शिवाय आपला मराठवाडा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपण विसरलेलो नाही. पाणी आटलं की आधी माणसांची तहान, आणि तेच बरोबर आहे. पण तेव्हा या घरांचं शेतच आटतं. म्हणून आम्ही या गटाचे पावसाळ्यातले दोन हप्ते पुढं ढकलले आणि दुष्काळासाठी वेगळी बचत सुरू केली.

नावाचं काय झालं, तेही सांगतो. नऊपैकी चौघींनी संस्थेत अर्ज केले. दोघींना सभासद करून घेतलं, दोघींचे अर्ज अजून पडून आहेत. आम्ही दर महिन्याला विचारायला जातो. विम्यासाठी मात्र नवरा-बायको दोघांचीही नावं नोंदवायला दिली. जाकिटं घेतली. काकू म्हणतात, कॅन आता तेलालाच.

तुमच्या गावाजवळ तळं असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांचं कार्यालय असतं. आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक घेऊन तिथं जा. एकटी नको, चार-पाच जणी मिळून जा. आणि तळं नसेल, तर आज रात्री घरातले कागद काढून बघा. सातबारा, दूध डेअरीचं कार्ड, सोसायटीचं पुस्तक. ज्या कामात तुमचे हात आहेत, त्या कामाच्या कागदावर तुमचं नाव आहे का? नसेल तर पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच घ्या.