चालत्या दप्तराची नक्कल

श्रोतेहो, सातबारा म्हटला की पूर्वी तलाठ्याचे दप्तर डोळ्यांपुढे उभे राही. फडक्यात बांधलेल्या वह्या, कोपरे झिजलेली पाने, शाईचे डाग. आज तोच उतारा संगणकावरून निघतो. महाराष्ट्रात २०१८ पासून तो डिजिटल सहीनिशी मिळू लागला. शिक्षक बंधुभगिनींना तर हे सांगायलाच नको. मुलांची नावे, जन्मतारखा, इयत्ता हे सारे तुम्हीच 'सरल'मध्ये भरीत आला आहात. म्हणजे वही दिसेनाशी झाली, पण दप्तर काही नाहीसे झाले नाही. ते कुठल्या तरी यंत्रातल्या प्रचंड फायलींत जाऊन बसले. एकमेकांशी सांधलेल्या नोंदींच्या अशा साठ्याला डेटाबेस म्हणतात. वहीला वाळवी लागते, तशी यंत्रातली तबकडीही एक दिवस न सांगता बंद पडते. म्हणून नक्कल हवी. ही नक्कल फितीवर, म्हणजे टेपवर, कशी उतरवतात ते आज पाहू. बोलणे कुण्या एका कचेरीविषयी नव्हे, या कामाच्या रीतीविषयी आहे.

तुम्ही म्हणाल, टेप? ती तर गाण्यांच्या कॅसेटबरोबर गेली! नाही हो, गेली नाही. आजच्या एलटीओ जातीच्या नवव्या पिढीच्या एका काडतुसात हजार मीटरहून अधिक लांब, अर्धा इंच रुंद फीत असते आणि तिच्यावर १८ टेराबाइट मजकूर मावतो. पण तिचा मोठा गुण वेगळाच आहे. ती यंत्रातून काढून कपाटात ठेवता येते. २०११ च्या फेब्रुवारीत एका सदोष बदलामुळे काही जीमेल वापरणाऱ्यांची पत्रे दिसेनाशी झाली, आणि तबकड्यांवरच्या इतर नकलांनाही तोच दोष भोवला. तेव्हा गूगलने ती पत्रे टेपवरून परत आणली. कपाटातल्या फितीपर्यंत दोष पोहोचलाच नव्हता.

मोठी दप्तरे सांभाळणारी यंत्रे पुष्कळदा युनिक्स घराण्यातली असतात. युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये झाला. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची ही त्यामागची नावे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत 'टार' नावाची आज्ञा आली. हे टार म्हणजे डांबर नव्हे बरं का! 'टेप आर्काइव्ह' या दोन शब्दांचे ते आखूड रूप. अनेक फायली एकामागोमाग फितीवर लिहायच्या, एवढेच तिचे काम. फीत असते दिंडीसारखी. चाळिसाव्या वारकऱ्याला गाठायचे तर पुढच्या एकोणचाळिसांना ओलांडूनच जावे लागते. तबकडीसारखी मधेच उडी मारता येत नाही.

आता फाईल मोठी असली की काय होते ते पाहा. आपण कचेरीत अर्ज भरतो, त्यात रकमेसाठी चौकोन आखलेले असतात. रक्कम चौकोनांपेक्षा लांब झाली तर लिहायची कुठे? जुन्या युनिक्समध्ये फाईलची लांबी मोजायला जेवढी जागा होती, तिच्यात २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ बाइट, म्हणजे सुमारे दोन गिगाबाइट, एवढीच संख्या मावे. (बाइट म्हणजे मजकुराचे लहान माप. आपल्या देवनागरीतला एक 'क' आजच्या प्रचलित पद्धतीत असे तीन बाइट घेतो.) त्याहून मोठी फाईल ठेवायची सोय १९९६ च्या सुमारास निर्मात्यांनी एकत्र बसून ठरवली. टारच्या अर्जातही लांबीसाठी अकराच घरे, आणि त्यांत ० ते ७ एवढेच अंक. तेव्हा तिची मर्यादा आठ गिगाबाइट. पुढे २००१ च्या प्रमाणात हे बंधन सुटले. पण जुनी टार आणि नवी फाईल यांची गाठ पडली की नक्कल अर्धवट राहू शकते. म्हणून कुशल माणूस आधी आपली टार कोणत्या वंशाची ते पाहतो, नाहीतर फाईलचे तुकडे करून लिहितो.

लांबीचा प्रश्न एकदा समजला की सुटतो. खरी मेख पुढेच आहे. डेटाबेस हे चालते दप्तर असते. समजा, सावकाराच्या दुकानात खतावणीची नक्कल काढायला तुम्ही बसलात. पहिले पान उतरवले. त्यात रामभाऊंच्या खाती पाचशे रुपये. तुम्ही मधल्या पानांवर असताना दिवाणजींनी ते पाचशे काढून शेवटच्या पानावर गोविंदरावांच्या खाती मांडले. तुमची नक्कल पुरी झाली तेव्हा तिच्यात पाचशे दोन्हीकडे दिसतात! एकही अक्षर चुकलेले नाही, तरी नक्कल खोटी. मोठी फाईल उतरायला तासन् तास लागतात, आणि तेवढ्यात शेकडो नोंदी इकडच्या तिकडे होतात. एका प्रसिद्ध टारमध्ये 'वाचत असता फाईल बदलली' अशी सूचना येते खरी, पण पुष्कळजण ती वाचून पुढे जातात. मला हा प्रकार फार धोक्याचा वाटतो.

यावर सरळ उपाय म्हणजे दुकान बंद ठेवून नक्कल काढणे. रात्री डेटाबेस थांबवा, फायली उतरवा, पहाटे उघडा. इस्पितळात किंवा रेल्वेच्या आरक्षणात हे कसे चालेल? तिथे दुसरी रीत लागते, आणि ती आपल्या जुन्या हिशेबनिसांना लगेच कळली असती. डेटाबेसही आधी रोजकीर्द लिहितो आणि मग खतावणी! प्रत्येक बदल प्रथम क्रमाने एका नोंदफाईलीत जातो, मागाहून मुख्य फाईलीत. ओरॅकल, पोस्टग्रेस ही सारी याच चालीची. म्हणून नक्कल काढताना डेटाबेसला तसे आधी कळवायचे, खतावणी आहे तशी, विस्कळीत का होईना, उतरवायची, आणि त्या वेळची रोजकीर्द सगळी बरोबर घ्यायची. परत उभारताना खतावणीवर रोजकीर्द ओळीओळीने पुन्हा चढवली की हिशेब जुळतो. रोजकिर्दीचे एक पान मधूनच गहाळ असेल, तर त्याच्या पुढे जाता येत नाही.

फितीचे म्हणून काही हट्ट आहेत. यंत्राला मजकूर सलग हवा. पुरवठा फारच अडखळला की ते थांबते, मागे येते, पुन्हा पळते. इंग्रजीत याला बूट पुसण्याची उपमा दिली आहे, आणि ती फडक्याची ये-जा पाहिली की पटते. त्याने वेळ जातो, फीत झिजते. नवव्या पिढीचे यंत्र सेकंदाला ४०० मेगाबाइटपर्यंत गिळते; त्या वेगानेही पुरी फीत भरायला साडेबारा तास लागतात. म्हणून घास मोठा द्यायचा. टारचा मूळचा घास १०,२४० बाइटांचा. तो वाढवायचा, आणि किती केला ते फितीच्या चिठ्ठीवर लिहायचे, कारण वाचताना तो ठाऊक असावा लागतो.

दुसरी गंमत नावाची. लिनक्समध्ये एकाच यंत्राला दोन नावे असतात, 'एसटी-शून्य' आणि 'एनएसटी-शून्य'. पहिल्या नावाने लिहिले की काम संपताच फीत आपोआप आरंभाला गुंडाळली जाते. दुसऱ्याने ती आहे तिथेच थांबते. सोमवारची नक्कल पहिल्या नावाने लिहिली आणि मंगळवारची तिच्यामागे लिहायला गेलात, तर मंगळवार सोमवारच्या डोक्यावर बसतो. नवी नक्कल लहान असली तरी तिच्या पलीकडचे जुने मग साध्या रीतीने वाचता येत नाही.

आणि हे सारे बिनचूक झाले, हे कशावरून? ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत एका कर्मचाऱ्याने भलत्याच यंत्रावर पुसण्याची आज्ञा दिली. सुमारे ३०० गिगाबाइटांतले जेमतेम साडेचार उरले. नकला शोधल्या, तर रोजच्या नकलांची जागा रिकामी! नक्कल काढणारे साधन जुन्या आवृत्तीचे होते, ते रोज अपयशी ठरत होते, आणि तसे कळवणारी पत्रेही वाटेत नाकारली जात होती. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत हाती होती म्हणून निभावले. मधल्या तासांच्या नोंदी गेल्या. तिथे टेप नव्हती, पण टेप असती तरी गोष्ट हीच झाली असती.

म्हणून जाणती मंडळी दर काही महिन्यांनी एक फीत काढून दुसऱ्याच, रिकाम्या यंत्रावर पूर्ण उभारून पाहतात. डेटाबेस उघडतो का, नोंदींची संख्या जुळते का, किती तास लागले, हे लिहून ठेवतात. फिती १६ ते २५ अंश तापमानात आणि २० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवायच्या असतात. कोकणातल्या पावसाळ्यात एवढी कोरडी खोली आपोआप मिळत नाही. तिथे यंत्राने हवा कोरडी करावी लागते. आणि एक प्रत निराळ्या गावी, जिथे त्याच नदीचा पूर पोहोचणार नाही अशा जागी. चिठ्ठीवर तारीख, डेटाबेसचे नाव, घासाचे माप, आणि रोजकीर्द कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत आहे, एवढे पेनाने स्वच्छ लिहिलेले असावे. कारण ती फीत उघडायची वेळ येईल, तेव्हा लिहिणारा माणूस त्या कचेरीत असेलच असे नाही.