रंगाचा पत्ता विचारा

(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)

नोव्हेंबर १९६२ मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतली एक तिजोरी उघडली गेली. १९२९ पासून तिचं सील शाबूत होतं. आत जाड सुती कापडाच्या थैल्या होत्या आणि प्रत्येक थैलीत चांदीचे एक हजार डॉलर. त्यांत न्यू ऑर्लीन्सच्या टांकसाळीने १९०३ साली पाडलेले डॉलरही निघाले. कोऱ्या अवस्थेतल्या या नाण्याची किंमत तेव्हाच्या किंमतपुस्तकात १,५०० डॉलर छापलेली होती. थैल्या बाहेर आल्या आणि तो भाव कोसळला. आणखी काय काय निघेल या आशेने लोक कागदी नोटा देऊन थैल्या उचलू लागले. वॉशिंग्टनला ट्रेझरीच्या इमारतीपाशी रांगा लागल्या. मार्च १९६४ मध्ये सरकारने हे देणं बंद केलं.

थैल्यांतली बहुतेक नाणी पांढरीशुभ्र होती. पण कापडाला टेकून वर्षानुवर्षं पडून राहिलेली थोडी नाणी वेगळीच दिसत होती. एका बाजूला सोनेरी, मग किरमिजी, मग मोरपंखी निळा. संग्राहक या रंगाला टोनिंग म्हणतात. आज असा रंग असलेला एखादा डॉलर त्याच थैलीतल्या पांढऱ्या भावंडाच्या कितीतरी पट किमतीला जातो. जिथे रंगाला एवढी किंमत येते तिथे रंग बनवणारेही येतात. म्हणून हातातल्या नाण्यावरचा रंग काळाने चढवला की कुणा माणसाने, हा प्रश्न अमेरिकन नाणेबाजारात रोज विचारला जातो आणि आता मुंबई-पुण्याच्या संग्राहकांनाही तो टाळता येत नाही.

रंग येतो कुठून, हे आधी पाहायला हवं. चांदीला गंधकाची फार ओढ. हवेतला हायड्रोजन सल्फाइड वायू आणि थोडा दमटपणा मिळाला की चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढू लागतो. देवघरातलं चांदीचं निरांजन काळवंडतं ते यामुळेच. पण काळा होण्याआधी हा थर अतिशय पातळ असतो, केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास, आणि त्या अवस्थेत तो रंग दाखवतो. थरात रंगद्रव्य नसतं. प्रकाशाचा काही भाग थराच्या वरच्या पृष्ठावरून परततो, काही भाग आत शिरून खालच्या चांदीवरून परततो. परतणाऱ्या या दोन लाटा एकमेकींत मिसळतात, थराच्या जाडीप्रमाणे प्रकाशातला एखादा रंग त्यात मारला जातो आणि उरलेला आपल्याला दिसतो. साबणाच्या फुग्यावरचे आणि पावसाळ्यात रस्त्यावर पसरलेल्या तेलाच्या तवंगावरचे रंग याच कुळातले.

या रंगांना क्रम आहे, आणि पारख करणाऱ्याचं पहिलं हत्यार हा क्रमच. थर चढू लागला की आधी निळा प्रकाश मारला जातो, म्हणून नाणं पिवळसर दिसतं. थर वाढतो तसा हिरवा मारला जातो आणि नाण्यावर किरमिजी-जांभळी झाक येते. मग गडद निळा, मग फिकट आकाशी. पुढे दुसरं आवर्तन सुरू होतं. पुन्हा पिवळा, नंतर गुलाबी, नंतर हिरवा आणि सरतेशेवटी काळा. खरा हिरवा पहिल्या आवर्तनात येतच नाही. तो दिसायला थराला बराच प्रवास करावा लागतो. तेव्हा पांढऱ्या चांदीला खेटून एकदम निळा किंवा हिरवा डाग दिसला आणि मधली पिवळी-किरमिजी रेघ, अगदी अरुंदसुद्धा, भिंगाखाली सापडली नाही, तर ते नाणं खाली ठेवावं.

मात्र क्रम बरोबर आहे एवढ्यावर नाणं खरं ठरत नाही. ऑक्सिडाइज्ड दागिने काळे करणारे कारागीर वापरतात त्या गंधकाच्या द्रावणानेही सल्फाइडच तयार होतं. भट्टीची उष्णता, गंधकाचं मलम, उकडलेल्या अंड्याची वाफ या सगळ्यांनी हेच रसायन घाईने घडवून आणता येतं. थर तोच, प्रकाशाचा नियमही तोच. मग फरक शोधायचा कुठे? नाणं कुठे राहत होतं, याच्या खुणांत.

मॉर्गन डॉलरचंच उदाहरण घेऊ. १८७८ च्या ब्लँड-ॲलिसन कायद्याने अमेरिकी सरकारवर दरमहा वीस ते चाळीस लाख डॉलरची चांदी विकत घेऊन नाणी पाडण्याची सक्ती केली. जॉर्ज मॉर्गन या इंग्रज कोरीवकाराने घडवलेला हा डॉलर २६.७३ ग्रॅमचा, ९० टक्के चांदीचा. खिशात बाळगायला जड असल्याने लोकांनी तो फारसा वापरला नाही, आणि थैल्या तिजोऱ्यांत साचत गेल्या. थैलीतलं नाणं एका बाजूने कापडाला टेकलेलं असे, तिच्यावर शेजारचं नाणं अर्धवट रेललेलं असे. कापडातला गंधक उघड्या भागापर्यंत पोहोचला, झाकलेल्या भागाला शिवला नाही. म्हणून थैलीतल्या खऱ्या रंगाला बहुतेक वेळा चंद्रकोरीचा आकार असतो, आणि पांढऱ्या-रंगीत भागांमधली सीमा ही दुसऱ्या नाण्याच्या कडेची गोलाई असते. काही नाण्यांवर कापडाची वीणसुद्धा उमटलेली दिसते. रंग प्रामुख्याने एकाच बाजूला असतो. दोन्ही बाजूंना सारखाच झगझगीत इंद्रधनुषी पट्टा असलेला डॉलर ‘थैलीतून आलाय’ म्हणून कुणी पुढे केला, तर त्या थैलीत तो पडला होता कसा, हे विचारायलाच हवं. बनावट रंग चढवणाऱ्यांनाही विणीची खूण माहीत आहे आणि तेही कापड वापरतात. म्हणून वीण एकटी पुरत नाही. चंद्रकोर, क्रम आणि बाजू यांच्याशी तिचा मेळ बसला पाहिजे.

प्रत्येक घराची अशी आपली खूण असते. कागदी गुंडाळीत ठेवलेल्या नाण्यांपैकी फक्त दोन टोकांची नाणी बाहेरच्या हवेला उघडी पडतात. त्यांची बाहेरची बाजू रंगते आणि दुमडलेल्या कागदाचं वर्तुळ तिच्यावर राहतं. १९३० च्या दशकातले स्मारक अर्धे डॉलर पुठ्ठ्याच्या घरांत बसवून टपालाने पाठवले जात. त्या पुठ्ठ्याची पट्टी जिथे नाण्यावरून जाई तिथला भाग आजही फिका दिसतो. वेट रेमंड यांच्या नॅशनल अल्बममध्ये नाणं पुठ्ठ्याच्या भोकात बसे, दोन्ही बाजूंना सेल्युलॉइडच्या पट्ट्या. तिथे गंधक कडेच्या पुठ्ठ्यातून येई, म्हणून रंग कडेला दाट आणि मध्याकडे विरळ, लक्ष्यफलकासारखा वर्तुळावर्तुळांचा. १९४७ ते १९५८ या काळात (१९५० वगळता) टांकसाळीने स्वतः विकलेले संच पुठ्ठ्यात येत, आणि त्या नाण्यांवरचे रंग पाहिले की टांकसाळीने नकळत केवढी मोठी रंगशाळा चालवली होती हे कळतं.

यानंतर उठावाकडे पाहायचं. नाण्यावरची अक्षरं, तारे, चेहऱ्याची रेषा हे सगळं पृष्ठभागापासून वर आलेलं असतं. सावकाश चढणारा रंग या उंचवट्यांपाशी अडखळतो, अक्षराच्या कडेला फिका होतो किंवा छटा बदलतो. भिंगाखाली अक्षराभोवती बारीक प्रभावळ दिसते. घाईने चढवलेला रंग मात्र अनेकदा अक्षरावरून, खाचेवरून, गालावरून सरळ पुढे जातो, भिंतीवर ओढलेल्या ब्रशसारखा. ही खूण पुस्तकात वाचून पुरत नाही. शंभर खरी नाणी हातात घेतल्यावरच डोळा तिला ओळखू लागतो.

आणि झळाळी. साच्याच्या दाबाखाली चांदी मध्यापासून कडेकडे वाहते आणि तिच्या प्रवाहाच्या सूक्ष्म रेषा पृष्ठभागावर उरतात. कोरं नाणं दिव्याखाली तिरकं करून हळूहळू फिरवलं की प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. खरा रंग या झळाळीवर बसलेला असतो, म्हणून आरे रंगातूनही अखंड फिरतात. रंग गढूळ दिसला, आरे रंगाच्या सीमेवर थांबले किंवा रंगाखाली एकाच दिशेच्या बारीक ओरखड्यांचं जाळं दिसलं, तर ते नाणं आधी घासलं गेलं आणि नंतर रंगवलं गेलं असण्याची शक्यता मोठी. झिजलेल्या नाण्यावरचं भडक इंद्रधनुष्य तर आणखी संशयाचं. या रंगांना खालून परतवणारा उजळ पृष्ठ लागतो आणि हातोहात फिरलेल्या नाण्याकडे तो उरलेला नसतो. तिथे करडी, राखी छटा शोभते.

म्हणूनच रंगीत नाणं फोटोवरून विकत घेऊ नये. एका कोनातून, जोरकस दिव्याखाली काढलेला फोटो रंग वाढवतो आणि झळाळी लपवतो. निदान नाणं हळूहळू फिरवतानाचा व्हिडिओ मागावा.

अमेरिकेत १९८६ साली पीसीजीएस आणि १९८७ साली एनजीसी या कंपन्या उभ्या राहिल्या. त्या नाणं तपासून, दर्जा ठरवून प्लास्टिकच्या डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये, बंद करतात. रंग खरा वाटला नाही तर ‘रंग संशयास्पद’ असा शेरा मिळतो. पीसीजीएसकडे त्यासाठी ९१ हा क्रमांक आहे. शब्द नीट पाहावा. ‘बनावट’ असं त्या ठामपणे म्हणत नाहीत, संशय नोंदवतात. व्यापारी भाषेत तर ‘बाजाराला मान्य’ असा शब्दप्रयोग रुळला आहे. तो प्रामाणिक आहे. अनुभवी डोळ्यांना या रंगात खटकण्यासारखं काही सापडलं नाही, एवढंच तो सांगतो. स्लॅबला याहून मोठं प्रमाणपत्र समजणं चूक आहे. शिवाय ही डबी पूर्ण हवाबंद नसते, आत गेल्यावरही नाण्याचा रंग बदलू शकतो.

सगळ्यात अवघड प्रकरण वेगळंच आहे. एखाद्याने जुना रेमंड अल्बम मिळवला, त्यात पांढरी नाणी बसवली, दमट खोलीत दहा वर्षं ठेवली आणि मग चढ्या भावाने विकली. पुठ्ठा जुना, गंधक तोच, वर्षंही खरी. हा रंग नैसर्गिक म्हणायचा का? काही संग्राहक हो म्हणतात. या व्याख्यानाचं मत नाही असं आहे, कारण तिथे रंग हाच विकायचा माल होता. पण भिंगाला हे कधीच दिसणार नाही, हेही कबूल करायला हवं. रेणूवर हेतू लिहिलेला नसतो. नाणेबाजारातला ‘नैसर्गिक’ हा शब्द शेवटी नाण्याच्या चरित्राविषयीचा दावा आहे, आणि चरित्राला पुरावा लागतो.

तो पुरावा किती मोलाचा असतो हे सेंट लुईसच्या एरिक न्यूमन यांच्या संग्रहाने दाखवलं. न्यूमन १९११ साली जन्मले, २०१७ साली वारले. त्यांची कितीतरी नाणी पूर्वी कर्नल ग्रीन यांच्या प्रचंड संग्रहात होती आणि अनेक दशकं छोट्या कागदी पाकिटांत राहिली होती. २०१३ पासून त्यांचे लिलाव झाले तेव्हा त्या रंगांची चर्चा झाली, आणि नाण्यांसोबत ती पाकिटंही जपली गेली. पाकीट म्हणजे रंगाचा राहता पत्ता.

महाराष्ट्राचा या डॉलरांशी थेट संबंध आहे. पहिल्या महायुद्धात भारत सरकारची चांदी आटत गेली. ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली, आणि नोटांच्या बदल्यात रुपये देणं अशक्य होण्याची वेळ आली. अमेरिकेने एप्रिल १९१८ मध्ये पिटमन कायदा केला. त्याखाली २७ कोटी २ लाख ३२ हजार ७२२ चांदीचे डॉलर वितळवले गेले आणि त्यातल्या २५ कोटी ९१ लाखांहून अधिक डॉलरांची चांदी भारतासाठी ब्रिटनला विकली गेली. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींनी तिचे रुपये पाडले. पंचम जॉर्जच्या त्या काळातल्या रुपयावर मागच्या बाजूला तळाशी बारीक टिंब असेल तर तो मुंबईचा. इथे बसलेल्या अनेकांच्या घरी, लक्ष्मीपूजनाच्या ताटात, मॉर्गन डॉलरची चांदी असण्याची शक्यता आहे.

आणि तिथेच आपण तिचं सर्वात मोठं नुकसान करतो. दिवाळीच्या आदल्या दिवशी चिंच, रांगोळी, राख, अलीकडे टूथपेस्ट. घासताना सल्फाइडबरोबर चांदीही निघते, प्रवाहरेषा पुसल्या जातात, ओरखडे राहतात. आपल्याकडचे जुने रुपये पिढ्यान्‌पिढ्या असे घासले गेले आहेत, कित्येकांना हारात ओवण्यासाठी कड्या डाखल्या आहेत. म्हणून अस्सल झळाळीवर सावकाश रंग चढलेला रुपया इथे फार विरळा, आणि इंद्रधनुषी रुपया विकायला आला तर त्याला डॉलरपेक्षा जास्त प्रश्न विचारायला हवेत. तो राहत होता कुठे, कुणाकडे, कशात, हे सांगता आलं नाही तर पांढऱ्या नाण्याचा भाव द्यावा, रंगाचा एक पैसाही देऊ नये.

घरातल्या रुपयांसाठी मात्र एक कळकळीची विनंती आहे. यंदा ते घासू नका, पूजेत जसे आहेत तसे मांडा. नंतर एकेक नाणं आम्लरहित कागदाच्या कोरड्या पाकिटात घाला, आणि पाकिटावर पेन्सिलीने लिहा: हे कुणाचं होतं, घरात कधी आलं, आतापर्यंत कोणत्या डब्यात किंवा फडक्यात राहिलं. आजी-आजोबा अजून सांगू शकत असतील, तर हे याच आठवड्यात विचारून घ्या.