आरशामागचा पारा

(वरवंड, ता. दौंड येथे ऊसतोड कामगार आणि गावातल्या स्त्रियांच्या बैठकीत केलेले भाषण)



मघाशी कोप्यांवर गेले, तेव्हा एक जण बांबूला अडकवलेल्या तळहाताएवढ्या आरशात बघून कुंकू लावत होती. म्हणाली, "ताई, अंधारातच फडात जायचं, तोंड बघायला सवड कुठली?" तिचा आरसा पाहून मला दुसरे आरसे आठवले.

इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला हेअरवुड हाउस नावाचा एका उमराव घराण्याचा वाडा आहे. त्याचं बांधकाम १७५९ साली सुरू झालं. आतलं फर्निचर आणि पुरुषभर उंचीचे सोनेरी आरसे टॉमस चिपेंडेल या नामांकित कारागिराच्या कारखान्याने पुरवले. लाकडावर नक्षी कोरायची, खडू आणि सरसाचे थर द्यायचे, वर तांबडी माती, मग सोन्याचा वर्ख, आणि घोटून चकाकी आणायची. काचेमागे त्या काळी चांदी नसे. कथिलाच्या पातळ पानावर पारा ओतायचा, त्यावर काच सरकवायची, वर वजन ठेवायचं. पाऱ्याची वाफ कामगारांच्या अंगात भिने, हात थरथरू लागत. आरसा चकाके, करणारा झिजे.

पण एवढं सोनं आणि काच घ्यायला पैसा आला कुठून? साखरेतून. त्या लॅसल्स घराण्याचा पैसा वेस्ट इंडीजमधले ऊसमळे आणि गुलामांच्या व्यापारातला. आफ्रिकेतून धरून नेलेल्या बाया पुरुषांच्या बरोबरीने फडात राबत, आणि त्यांच्या पोटचं मूलही मालकाचंच. १८३३ साली ब्रिटिश संसदेने गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला. भरपाई कुणाला? मालकांना! हेअरवुडच्या उमरावाला १,२७७ माणसांबद्दल २६ हजारांवर पौंड मिळाले. राबणाऱ्यांना एक पैही नाही.

तुम्ही गुलाम आहात असं मी म्हणत नाही. पण हिशेब कसा लिहिला जातो ते बघा. आपल्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल त्याच्या हातात, नाव त्याचं. मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडीत चढवायच्या, हे बाईने करायचं. मुकादमाच्या वहीत मात्र ती नाही. खाडा झाला की दंड दोघांना. २०१९ साली सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यात तेरा हजारांहून अधिक ऊसतोड बायांची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीचा खाडा परवडत नाही, हे त्यातल्या कितीजणींच्या तोंडी होतं!

त्या सोनेरी आरशात मळ्यातली बाई कधी दिसली नाही. आपल्या चहाच्या साखरेतही तुम्ही दिसत नाही.

म्हणून आज एवढं तरी ठरवू या. वहीत प्रत्येक बाईचं नाव वेगळं लिहा. उचलीचा कागद तिला वाचून दाखवा. तिची मजुरी तिच्या खात्यात भरा. आजारपणाच्या आणि पाळीच्या खाड्याला दंड नको. एकटीने हे मागितलं तर उद्या तिला फडातून काढतील. सगळ्या कोप्यांनी मिळून मागावं लागेल. आणि गावातल्या बायांनो, मुकादम आला की त्यांच्या शेजारी उभं राहायचं काम तुमचं.