पीएच.डी. नसलेला नोबेलविजेता: कोइची तनाका



मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे कोडिंगच्या नोकऱ्यांवर बोलेन असं तुम्हाला वाटलं असेल. पण मला बोलायचंय कोइची तनाकांबद्दल. आपल्या घरांत समज असा की औषधाचं, आजाराचं संशोधन म्हणजे डॉक्टरांचं काम, इंजिनिअरनं आपली नोकरी बघावी. तनाकांचं आयुष्य या समजाला छेद देतं.

१९८३ साली ते तोहोकू विद्यापीठातून इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले. मास्टर्स नाही, पीएच.डी. नाही. सोनीनं मुलाखतीत नाकारलं, तेव्हा क्योतोच्या शिमाद्झू या उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत लागले. तिथं पाच जणांच्या गटाकडे काम होतं मास स्पेक्ट्रोमीटरचं. म्हणजे रेणूंचा तराजू.

हा तराजू कसा चालतो? रेणूला विद्युतभार द्यायचा, विद्युतक्षेत्रानं ढकलायचं आणि पोकळ नळीत पळवायचं. हलका रेणू आधी पोहोचतो, जड मागाहून. पोहोचायला लागलेल्या वेळेवरून वजन निघतं. गोची प्रथिनांची होती. रेणू नळीत जायचा तर आधी तो वायुरूपात उडायला हवा. लेसर मारून उडवायला जावं, तर प्रथिन उडण्याआधीच तुटायचं. प्रथिनं म्हणजे तर आपल्या शरीराचा सगळा कारभार.

तनाका लेसरची उष्णता शोषायला कोबाल्टची अतिसूक्ष्म पूड वापरून बघत होते. फेब्रुवारी १९८५ मध्ये त्यांनी पुडीत ॲसिटोनऐवजी चुकून ग्लिसरीन ओतलं. पूड महाग होती, टाकून देणं जिवावर आलं. ग्लिसरीन लवकर उडून जावं म्हणून ते त्यावर लेसर मारत राहिले, आणि आलेखावरही नजर ठेवली. तिथं १३५०च्या आसपास एक शिखर दिसलं. नमुना होता बी-१२ जीवनसत्त्वाचा, आणि त्याचं वजन तेवढंच! रेणू अख्खा उडाला होता.

लोक याला नशीब म्हणतात. मला ते पटत नाही. चुकीचं मिश्रण तर कुणाच्याही हातून होतं. पण एरवीची खरखर कशी दिसते हे रोज बघून डोळ्यात बसलं होतं, म्हणून वेगळं शिखर ओळखता आलं. आणि त्या शिखराआधी गटातल्या बाकीच्यांनी यंत्राचे इतर भाग सुधारले होते, हेही विसरू नका.

पुढं १९८७ पर्यंत त्यांनी २५,००० वजनाच्या प्रथिनापर्यंत मजल मारली. पण बाजारात आणलेल्या यंत्राचा एकच नग विकला गेला, तोही अमेरिकेत.

२००२ साली, वयाच्या ४३व्या वर्षी, रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यातला त्यांचा वाटा एक चतुर्थांश. पत्रकार परिषदेला ते कंपनीच्या कामाच्या कपड्यांतच बसले. प्रयोगशाळा सुटू नये म्हणून बढतीच्या परीक्षा टाळणारा माणूस! (आमच्या आयटीत तिसऱ्या वर्षीच मॅनेजर व्हायची घाई असते.) वादही झाला. जर्मनीचे कारास आणि हिलेनकाम्प यांनी सेंद्रिय पदार्थ वापरून शोधलेली मॅल्डी पद्धतच आज जगभर चालते, मग नोबेल त्यांना का नाही? प्रश्न रास्त आहे. मोठ्या प्रथिनांवर आधी यश तनाकांच्या गटाला आलं, हेही खरं.

मला जास्त आवडतो तो नोबेलनंतरचा भाग. सत्कार घेत फिरण्याऐवजी ते एका थेंबाच्या मागं लागले. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड बीटाचे अगदी सूक्ष्म अंश रक्तातही असतात. ते प्रतिपिंडांनी गळ टाकल्यासारखे वेचायचे आणि मॅल्डीवर तोलायचे. २०१८ साली 'नेचर'मध्ये हा अभ्यास आला: जपानचे १२१ आणि ऑस्ट्रेलियाचे २५२ जण. मेंदूच्या महागड्या पेट स्कॅनशी रक्ताचा निष्कर्ष सुमारे ९० टक्के जुळला. हा इलाज नव्हे, पण मेंदूत काय साचतंय याचा अंदाज रक्तावरून घेता येतो. घरात विसरत चाललेली आजी किंवा नाना असतील, तर याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको.

मॅल्डी यंत्रं आता रुग्णालयांच्या प्रयोगशाळांतही आहेत. वाढवलेल्या जिवाणूंची वसाहत ठेवली की जिवाणू कोणता, हे काही मिनिटांत कळतं. प्रत्येक यंत्रात लेसर कुणीतरी बसवलेला असतो, पोकळी कुणीतरी सांभाळतं, शिखरं ओळखणारा प्रोग्राम कुणीतरी लिहितं. ही सगळी इंजिनिअरांची कामं.

आता प्रश्न विचारा. पण आधी मला सांगा, इथं इन्स्ट्रुमेंटेशनला किती जण आहेत? हात वर करा.