दारावरचा नवा जागल्या



नांदेडहून देगलूरकडे, पुढे हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे नायगाव आहे. या रस्त्याने जाताना मान वर करून पाहिलेत तर दुकानांच्या कपाळावर कॅमेऱ्याचा काळा डोळा दिसेल. तो आता दुकानांपुरता राहिलेला नाही. घराच्या दारावर, गोठ्यावर, कुठे कुठे शेतातल्या आखाड्यावरही तो आला आहे. "कुणी हललं की आपोआप जागा होतो, आणि तुमच्या फोनवर वर्दी देतो," असे विकणारा सांगतो. त्याचे सांगणे खोटे नाही. पण हा नवा राखणदार काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे घेणाऱ्याने आधी समजून घेतलेले बरे. आज त्याविषयीच चार गोष्टी बोलायच्या आहेत. मी इतिहास शिकवणारा माणूस, तेव्हा सुरुवात थोडी मागून करतो.

आपल्या गावगाड्यात जागल्या असे. रात्री गस्त घालणे हे त्याचे काम होतेच, पण त्याचे खरे काम चोरी झाल्यावर सुरू होई. चोराच्या पावलांचा माग काढत तो गावच्या शिवेपर्यंत जाई. माग शिवेपलीकडे गेला की पुढची जबाबदारी पलीकडच्या गावाच्या जागल्यावर येई. माग आपल्याच शिवेत हरवला तर भरपाईची पाळी त्याच्यावर व गावावर येई. पेशवाई बुडाल्यावर १८१९ साली एल्फिन्स्टनने दख्खनच्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात या व्यवस्थेचे वर्णन आहे. म्हणजे पाहा, जागल्या पाहत असे, ओरडत असे, धावत असे, आणि जबाबदारही असे. कॅमेरा यांपैकी पहिल्या दोन गोष्टी करतो. राहिलेल्या दोन कोणी करायच्या, हे आपल्यालाच ठरवावे लागते.

आता त्याला हालचाल कळते कशी? याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिल्या तऱ्हेत कॅमेरा आधीचे चित्र आणि आताचे चित्र ताडून पाहतो. चित्राचा एखादा भाग बदलला की काही हलले असे तो समजतो. मग ती लिंबाची फांदी असो, दोरीवरचे लुगडे असो की भिंतीवर फिरणारा मोटारीचा उजेड असो. अलीकडचे काही कॅमेरे माणसाचा आकार ओळखण्याचा प्रयत्न करतात, त्यामुळे खोट्या वर्द्या कमी होतात, बंद होत नाहीत.

दुसरी तऱ्हा उष्णतेची. आपल्या अंगातून डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण सतत बाहेर पडत असतात. त्यांची लहर साधारण १० मायक्रॉनच्या आसपास असते. संवेदकाच्या पांढऱ्या घुमटीआड हे किरण टिपणारे दोन भाग असतात. उष्ण वस्तू एका भागासमोरून दुसऱ्या भागासमोर सरकली की त्याला हालचाल कळते. यातून बसवण्याचा एक नियम आपोआप निघतो. माणूस संवेदकासमोरून आडवा गेला पाहिजे. सरळ त्याच्याच दिशेने चालत येणारा माणूस त्याला उशिरा कळतो. म्हणून फाटकातून दारापर्यंत येणाऱ्या वाटेच्या शेवटी तो न लावता वाटेच्या बाजूला लावावा, जमिनीपासून दोन ते अडीच मीटर उंचीवर. आणि काचेच्या खिडकीआडून तो बाहेर पाहील अशी आशा धरू नये. हे किरण साध्या काचेतून पार होत नाहीत.

आमच्या मराठवाड्याला यात एक मोठी अडचण आहे, ती विकणारा सांगत नाही. हा संवेदक माणूस आणि त्याच्या मागची भिंत यांच्या उष्णतेतला फरक पाहतो. आपल्या कातडीची उष्णता ३३ ते ३५ अंशांच्या घरात. मे महिन्यात दुपारी हवा ४० अंशांच्या वर गेलेली, भिंती आणि पत्रे त्याहून तापलेले. दिवेलागणीच्या सुमारास भिंत निवत निवत माणसाच्या अंगाइतकीच उष्ण होते, आणि मग संवेदकाला माणूस आणि भिंत यांत फारसा भेद उरत नाही. जो संवेदक पौषात दहा मीटरवरून ओरडतो, तोच वैशाखात निम्म्या अंतरावरही गप्प राहू शकतो. आणि वैशाख म्हणजे लग्नसराई! सगळे घर वऱ्हाडाला गेलेले, नाहीतर जेवणे उरकून गच्चीवर झोपलेले, खाली कपाटात दागिने. तेव्हा संवेदक थंडीत तपासून निश्चिंत राहू नका. उन्हाळ्यात संध्याकाळी स्वतः त्याच्यासमोरून चालून पाहा, आणि लागेल तर त्याची तीव्रता वाढवा. पत्र्याच्या छपराकडे, चुलीच्या धुराड्याकडे किंवा मावळतीकडे त्याचे तोंड करू नका.

याच्या उलट दुखणे खोट्या वर्द्यांचे. रात्री कुत्रे फिरले, मांजर उडी मारून गेले, वाऱ्याने कडब्याची गंज सळसळली, की फोन वाजतो. रात्री दिसावे म्हणून कॅमेऱ्याभोवती जे अदृश्य उजेडाचे दिवे असतात, त्यांच्याकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि थेट भिंगासमोर जाळे विणतो. जाळे हलले की पुन्हा वर्दी. "लांडगा आला रे आला" ही गोष्ट आपण दुसरीतल्या मुलांना सांगतो, ती इथे मोठ्यांना लागू पडते. एका रात्रीत चाळीस वेळा वाजणारा फोन माणूस चौथ्या रात्री गप्प करून ठेवतो. म्हणून चित्रात जेवढी जागा महत्त्वाची, तेवढ्यावरच चौकोन आखून द्यावा. बहुतेक कॅमेऱ्यांत ही सोय असते. रस्ता वगळावा, झाड वगळावे. वर्दीची वेळ ठरवून द्यावी. आठवड्यातून एकदा काठीला फडके बांधून जाळी झाडावी. हे शेवटचे काम कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेले नसते.

कॅमेरा जितका उंच, तितके जास्त दिसते, असे पुष्कळांना वाटते. दिसते जास्त, पण ओळखू कमी येते. माळवदाच्या टोकावरून सारे अंगण दिसेल आणि चोराच्या डोक्यावरचा रुमाल दिसेल. चेहरा दिसणार नाही. साधा २ मेगापिक्सेलचा, रुंद कोनाचा कॅमेरा अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने पटावा इतका स्पष्ट टिपतो तो तीन ते पाच मीटरपर्यंतच. तेव्हा एकच कॅमेरा घ्यायची ऐपत असेल तर सारे अंगण पाहण्याचा हव्यास सोडा. ज्या एका दारातून आत यावेच लागते, त्या दाराजवळ तो लावा.

विजेचे आपल्याकडे काय आहे ते तुम्हांला सांगायला नको. वीज गेली की कॅमेरा गेला, आणि कॅमेऱ्याला बॅटरी असली तरी इंटरनेटचा डबा बंद पडला की वर्दी फोनपर्यंत पोचत नाही. डब्यालाही छोटी बॅटरी जोडावी. आखाड्यावर सौर पाटी आणि सिमकार्डवर चालणारे कॅमेरे आता मिळतात. ते बॅटरी वाचवण्यासाठी झोपलेले असतात आणि उष्णतेच्या संवेदकाने जागे होतात. जागे होऊन चित्र घ्यायला क्षणभर लागतो, तेवढ्यात चपळ माणूस निघून गेलेला असतो. विहिरीवरच्या मोटारीची केबल राखायची असेल तर कॅमेऱ्याचे तोंड मोटारीकडेच ठेवा, कारण चोराला तेथे थांबावेच लागते.

साठवणीचा हिशेबही करून ठेवा. सेकंदाला १ मेगाबिट या दराने सतत चित्रण केले तर दिवसाला सुमारे ११ गिगाबाइट जागा लागते. ६४ गिगाबाइटचे कार्ड पाच-सहा दिवसांत भरते आणि जुन्यावर नवे लिहिले जाते. ऊसतोडीला गेलेले कुटुंब काही महिन्यांनी परतून कुलूप तुटलेले पाहील, तेव्हा कार्डात काय शिल्लक असणार? फक्त हालचालीच्या वेळी चित्रण ठेवले तर हेच कार्ड कितीतरी अधिक दिवस पुरते. संवेदकाचा हा फायदा मला वर्दीइतकाच मोलाचा वाटतो.

आता मला जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते तिच्याकडे येतो. चोर आत येऊ नये म्हणून आपण दारावर डोळा बसवतो. त्या डोळ्यातून दुसरे कोणी पाहत नाही ना?

फेब्रुवारी २०२५ मध्ये गुजरातेत एक प्रकरण उघडकीस आले. राजकोटच्या एका प्रसूतिगृहात तपासणीसाठी आलेल्या स्त्रियांची कॅमेऱ्यातील दृश्ये चोरून बाहेर विकली जात होती. पोलिसांनी ज्यांना पकडले त्यांत आपल्या लातूरचा आणि सांगलीकडचा तरुण होता. म्हणजे ही विद्या आपल्या शिवेपर्यंत येऊन पोचली आहे. त्याआधी २०१६ साली जगभरातले लाखांवर कॅमेरे आणि त्यांच्यासारखी यंत्रे 'मिराय' नावाच्या दुष्ट आज्ञावलीने ताब्यात घेतली होती, आणि त्यांच्याकरवी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. त्यासाठी कुलूप फोडावे लागले नाही. कारखान्यातून आलेला पासवर्ड मालकांनी बदललेलाच नव्हता.

आपल्या घरांची रचना डोळ्यांपुढे आणा. न्हाणी अंगणाच्या कोपऱ्यात, तिला कधी दार, कधी नुसता पडदा. बायका अंगणात भांडी घासतात, केस विंचरतात, उन्हाळ्यात बाजा टाकून झोपतात. कॅमेरा बसवायला येणारा मुलगा वायर ओढायला सोयीची जागा पाहतो. त्याला घरातल्या बाईने विचारले पाहिजे, "यात काय काय दिसतं ते मला दाखव." माझ्या मते कॅमेऱ्याची जागा ठरवण्याचा पहिला अधिकार घरातल्या स्त्रियांचा आहे, पैसे कोणीही दिलेले असोत. कॅमेऱ्याने उंबऱ्याबाहेर पाहावे. त्याच मुलाने पासवर्ड घातला असेल तर तो गेल्यावर बदलावा, आणि 'अॅडमिन', 'एक दोन तीन चार' किंवा स्वतःचा फोन नंबर ठेवू नये. शेजाऱ्याचे अंगण आणि दार चित्रात येत असेल तर कॅमेऱ्याचे तोंड फिरवावे, नाहीतर बांधावरून होणारी भांडणे आता भिंतीवरून होतील. स्त्रीचे खाजगी क्षण चोरून टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, तेथे "चुकून आलं" ही सबब फार दूर नेत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना हे अधिक लागू आहे. बदलापूरच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ रोजी राज्य शासनाने शाळांतून कॅमेरे बसवण्याचा आदेश काढला. योग्यच केले. पण शाळेच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहिलेला असेल, तर मुलींच्या राखणीला बसवलेला डोळा कोणाच्याही हाती जाईल.

समजा, चोरी झालीच. तेव्हा पहिली ऊर्मी असते चित्रफीत गावाच्या ग्रुपवर टाकण्याची. ती आवरा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच भटक्या माणसांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. तेथे कॅमेऱ्याचा संबंध नव्हता, फोनवरून पसरलेल्या अफवांचा होता. पण अंधारातले एक अंधुक चित्र आणि त्याखाली "हाच तो" असे दोन शब्द, यांतून काय घडू शकते याची कल्पना त्यावरून येईल. चित्रण पोलिसांना द्या, मूळ कार्ड किंवा यंत्र जपून ठेवा, त्यात कापाकापी करू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्याच्या प्रतीबरोबर प्रमाणपत्र लागते. यंत्रावरची तारीख आणि वेळ बरोबर आहे की नाही हेही अधूनमधून पाहावे. घड्याळ सहा तास मागे असेल तर वकील तेवढ्यावरच साक्ष उलटवतो.

आणि शेवटी धावण्याचा प्रश्न. पुष्कळ घरांत आज म्हातारी दोन माणसे गावी आणि मुलगा पुण्याला किंवा हैदराबादला असतो. कॅमेरा त्यानेच बसवलेला, वर्दीही त्याच्याच फोनवर. रात्री दोन वाजता पुण्यात फोन वाजून नायगावच्या दारात कोण येणार? त्या मुलाने शेजारच्या दोन घरांचे, पोलीस पाटलांचे आणि ठाण्याचे नंबर जवळ ठेवावेत. ११२ क्रमांक आहेच, पण तो पुण्यातून लावल्यास गावाचे नाव आणि तालुका आधी सांगावा. शेजाऱ्याला आधीच विचारून ठेवावे, "काका, रात्री फोन केला तर उठाल ना?" कॅमेरा बसवून झाला की एखाद्या रात्री घरच्याच कोणाला मागच्या बाजूने अंगणात यायला सांगा. कोणाचा फोन वाजला, किती वेळाने वाजला, आणि शेजारचे काका कंदील नाहीतर बॅटरी घेऊन दारात यायला किती मिनिटे लागली, ते घड्याळ लावून मोजा.